सावली कुणाच्या मालकीची?

दिवाळीच्या दिवसांत सावलीविषयी लिहायला बसणे हे जरा विपरीतच. सण दिव्यांचा. घराघरांतून काळोखाला हुसकून लावण्याची घाई चाललेली असते, पोरेबाळे पणत्यांच्या ओळी मांडीत असतात, आणि मी मात्र एका ओढ्यावरच्या ओलसर, अंधाऱ्या सावलीबद्दल लिहिणार आहे. पण आश्विन-कार्तिकाचे दिवस म्हणजे आमच्या कोकणात भातकापणीचे दिवस. पाऊस नुकताच गेलेला असतो आणि ऊन असे लागते की वैशाख परवडला. सकाळपासून वाकून कापणी केलेल्या माणसाला विचारा, 'उजेड चांगला की सावली?' तो आधी झाडाखाली जाऊन बसेल आणि मग तुमच्या प्रश्नाचे उत्तर देईल. तेव्हा सावलीलाही सणात थोडी जागा असावी, असे मला वाटते.

मला जो प्रश्न मांडायचा आहे तो दिसायला अगदी लहान आहे. ओढ्याच्या काठावर माझी जमीन आहे. त्या जमिनीत माझे झाड आहे. झाडाची सावली पाण्यावर पडते आणि त्या सावलीच्या आधाराने पाण्यात मासे जगतात. पाणी माझे नाही, मासे माझे नाहीत. झाड मात्र सात-बाराच्या उताऱ्याने माझे आहे. मग ती सावली कुणाची? झाड तोडले तर मी माझी वस्तू घेतली, की दुसऱ्या कुणाची तरी हिरावून नेली? वकिलाकडे गेलो तर तो एका मिनिटात उत्तर देईल. पण वकिलाचे उत्तर मिळाले म्हणून प्रश्न संपतो असे नाही. पुष्कळदा तो तिथूनच सुरू होतो.

आधी सावली पाण्याचे काय करते ते पाहू. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. शास्त्राचा अधिकारी नव्हे. पुढचे जे कळले ते वाचून, विचारून आणि पाण्यात पाय सोडून बसून. पहिली गोष्ट अशी, की सावली पाणी थंड करते हे आपले म्हणणे तितकेसे बरोबर नाही. सावली पाण्याला तापू देत नाही. डोंगरातून झिरपून आलेले पाणी मुळातच गार असते. उन्हाळ्यात उथळ ओढ्याला तापवते ते मुख्यतः थेट पडणारे ऊन. भोवतालच्या गरम हवेचा वाटा त्या मानाने पुष्कळ कमी. दोन्ही काठांवरच्या फांद्या वर एकमेकींत गुंतलेल्या असल्या, तर ते ऊन पानांवरच अडते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. एकदा तापलेले पाणी पुढे पुन्हा झाडीत शिरले म्हणून लगेच निवत नाही. वरच्या अंगाला कुणी काठ उघडा केला, तर खालच्या अंगाच्या माणसाने कितीही झाडे राखली तरी वरून आलेला ताप काही ती झाडे काढून घेऊ शकत नाहीत.

आता माशाकडे या. माशाला अंगची ऊब नाही. पाण्याची जी ऊब तीच त्याच्या रक्ताची. पाणी तापले की त्याच्या शरीराचा सारा व्यापार जलद चालू लागतो आणि त्याला प्राणवायू अधिक लागतो. नेमका त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू कमी होतो, कारण गरम पाण्यात तो कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांच्या पाण्यात सुमारे साडेसात. महिन्याचा पगार घटावा आणि त्याच महिन्यात बाजार कडाडावा, तशी माशाची गत होते. दिवाळीचा बाजार करून नुकत्याच घरी आलेल्या वाचकांना हे अधिक समजावून सांगायला नको.

काठची झाडे आणखीही पुष्कळ करतात. त्यांची मुळे माती धरून ठेवतात, म्हणून पाणी गढूळ होत नाही आणि दगडांच्या सापटीत घातलेली माशांची अंडी गाळाखाली गुदमरत नाहीत. त्यांची पाने पाण्यात पडून कुजतात, त्यांवर किडे पोसतात आणि किड्यांवर मासे. एखादे म्हातारे झाड उन्मळून आडवे पडले तर त्याच्यापाशी पाणी वळसा घेते आणि तिथे लहानसा डोह तयार होतो. झाड मेल्यावरही त्याची चाकरी सुटत नाही.

हे सारे खरे कशावरून, असे कुणी विचारील. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑरेगन नावाचे राज्य आहे. तिथे अल्सी नदीच्या खोऱ्यात १९५९ ते १९७३ अशी पंधरा वर्षे एक अभ्यास चालला. शेजारशेजारचे तीन लहान ओढे निवडले होते: फ्लिन क्रीक, डीअर क्रीक आणि नीडल ब्रँच. पहिली सात वर्षे त्या लोकांनी काहीही केले नाही, नुसते मोजले. पाणी किती, गाळ किती, ऊब किती, मासे किती. आजच्या उतावळ्या जगात सात वर्षे नुसते मोजीत बसणारी माणसे होऊन गेली, एवढ्यानेच मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. मग १९६६ साली फ्लिन क्रीकचे रान तसेच ठेवले. डीअर क्रीकच्या रानात काही तुकडे तोडले, पण ओढ्यालगत झाडांची पट्टी राखली. नीडल ब्रँचचे रान मात्र पाण्यापर्यंत साफ तोडले आणि उरलेला पालापाचोळा जाळून टाकला.

पुढच्याच उन्हाळ्यात उत्तर मिळाले. नीडल ब्रँचचे पाणी पूर्वी वर्षातल्या सर्वांत तापल्या दिवशीही सुमारे १४ अंश सेल्सिअसच्या पुढे जात नसे. ते २९ अंशांवर गेले. तिथला कटथ्रोट नावाचा ट्राउट मासा एकदम घटला आणि पुढची अनेक वर्षे पूर्वीसारखा झाला नाही. डीअर क्रीकच्या पाण्याला मात्र, पट्टी राखली असल्यामुळे, तसा ताप चढला नाही. म्हणजे रान तोडूनही ओढा राखता येतो. फक्त काठाला हात लावायचा नाही, एवढे पथ्य. १९७१ साली ऑरेगनने रानांच्या तोडीसंबंधी कायदा केला. अमेरिकेतल्या राज्यांत तो अशा प्रकारचा पहिला. मोजणाऱ्यांचे कष्ट वाया गेले नाहीत.

ऑरेगनचा ट्राउट आणि सह्याद्रीतला खडस यांचे काही सोयरसंबंध नाहीत. आमचे मासे त्यांच्याहून पुष्कळ अधिक उष्णता सोसतात. पण आमचे ऊनही त्यांच्याहून कडक, आणि सोसण्याला कुठेतरी शेवट असतोच. शिवाय आमच्या ओढ्यांची एक वेगळी अडचण आहे. माघ-फाल्गुन उलटला की सह्याद्रीतले बहुतेक ओढे वाहायचे थांबतात. आमच्याकडे लहान ओढ्याला पऱ्या म्हणतात. चैत्रात पऱ्या म्हणजे दगडगोट्यांची एक वाट आणि मधूनमधून उरलेले डोह. अख्ख्या पावसाळ्यात मैलभर पसरलेली माशांची वस्ती त्या चार-दोन डोहांत दाटीवाटीने येऊन मृगाची वाट पाहत बसते. मळये, वांब, दगडाला चिकटून राहणारे बोटाएवढे मासे, सगळे एका घरात. त्या घरावर करंजाचे, उंबराचे, जांभळाचे छप्पर असले तर ते तगतात. छप्पर काढले तर डोहाचे पाणी तापते, आटते, आणि उरते ते तुम्ही पाहिलेच असेल: चिखल आणि वर घिरट्या घालणाऱ्या घारी.

खडस म्हणजे ज्याला सारा देश महासीर म्हणतो तो मासा. १८३९ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याच्या मुळा-मुठेतल्या या माशाचे वर्णन शास्त्रात नोंदवले आणि त्याला नाव देताना आपल्याच बोलीतला 'खुद्री' हा शब्द घेतला. मराठी नाव पाठीवर घेऊन हा मासा जगाच्या पुस्तकात गेला. त्याला वाहते, निर्मळ, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. आज पुण्यातल्या पुलावर उभे राहून खाली पाहणाऱ्याला ही हकिगत दंतकथेसारखी वाटेल.

माझ्यापुढे हा प्रश्न पुस्तकातून आला नाही. तो आमच्या वाडीतल्या एका तात्यांनी आणून टाकला. माझ्याहून ते पंधरा-वीस वर्षांनी मोठे. पऱ्याच्या काठाला त्यांची एक अरुंद पट्टी आहे. भात तिथे होत नाही. आहेत ती वाडवडिलांपासूनची झाडे. धाकटी मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेते आहे आणि तिची फी भरायची होती. लाकडाचा व्यापारी येऊन पट्टी पाहून गेला होता. मी शाळेतल्या मुलांना पऱ्यावर नेऊन काठच्या झाडांविषयी सांगतो, हे तात्यांच्या कानावर होते. संध्याकाळी ओटीवर आले, पानाचा डबा पुढे ओढला आणि म्हणाले,

'गुरुजी, तुम्ही पोरांना सांगता, काठाची झाडं तोडली की मासे मरतात. असेल. तुम्ही शिकलेली माणसं. पण मला एक सांगा. मी माळकरी माणूस. मासा खात नाही, विकत नाही. मासा मला काय देतो? त्याच्यापायी पोरीची फी थांबवू?'

मी म्हटले, 'तात्या, तुम्ही माळकरी, जीवदया तुम्हाला मी काय सांगू?'

'तेच म्हणतो,' ते म्हणाले. 'उभ्या जन्मात मी मासा मारला नाही. आणि आताही मारत नाही. मी फक्त माझं झाड तोडतो.'

त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. नंतर विचार करताना वाटले, की या साध्या माणसाने आपल्या काळाचे कोडेच चार शब्दांत सांगितले. गळ टाकणाऱ्याला ठाऊक असते की आपण मासा मारतो आहोत. त्याचा हात आणि त्याचे कर्म यांत एका दोरीचे अंतर. पण झाड विकणाऱ्याचा हात मार्गशीर्षात चालतो आणि मासा वैशाखात मरतो, तोही कदाचित मैलभर खाली, दुसऱ्याच कुणाच्या दारात. आमच्या धर्मशास्त्राने हाताने केलेल्या कर्माचा बारीक हिशेब ठेवला. अशा लांबून घडणाऱ्या कर्मासाठी आमच्याजवळ धड शब्दही नाही. त्याला पाप म्हणणे मला पटत नाही. पापाला हेतू लागतो, आणि तात्यांच्या मनात मुलीच्या शिक्षणापलीकडे कसलाही हेतू नव्हता. पण काहीच नाही असे तरी कसे म्हणावे? एकदा कळले, की न कळण्याची सोय संपते. मला वाटते, या ठिकाणी पापाचा शब्द बाजूला ठेवून जबाबदारीचा शब्द घ्यावा. पाप फक्त करणाऱ्याचे असते. जबाबदारी वाटून घेता येते. हा फरक पुढे कामाला येईल.

तात्यांच्या प्रश्नाला तीन उत्तरे ठरीव आहेत. ती एकेक करून तपासली पाहिजेत.

पहिले उत्तर उपयोगाचे. मासे राखा, कारण ते आपल्याला उपयोगी आहेत. हे उत्तर ऐकायला भक्कम, पण त्यावर फार भार टाकता येत नाही. १९५२ साली भारतात तिलापिया नावाचा परदेशी मासा आणला गेला. देशावर त्याला चिलापी म्हणतात. त्याला गरम पाणी चालते, कमी प्राणवायू चालतो, गढूळ पाणीही चालते. धरणांच्या पाण्यात तो माजला आणि त्यावर कितीतरी गरीब कुटुंबांची चूल पेटते, हे मी नाकारणार नाही. आता केवळ उपयोगच पाहायचा, तर तात्या म्हणतील, झाडे तोडा, पाणी तापू द्या, चिलापी सोडा. मासा तो मासाच. ओढ्यात मासे उरतीलच, हे मासे उरणार नाहीत एवढेच. उपयोगाच्या तराजूत हा आणि तो यांतला फरक पडत नाही. पण आपल्याला तर तो फरक जाणवतो. गावातली सगळी घरे उठून गेली आणि त्या जागी तितकीच नवी माणसे येऊन राहिली, तर खानेसुमारीच्या आकड्यात काही फरक पडणार नाही; पण गाव तेच राहिले असे कुणी म्हणेल का?

इथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. देशी मासा याचा अर्थ देशाचा मासा नव्हे. त्या त्या नदीचा मासा. लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात आपल्या खडसाची पिल्ले तयार करून ती दूरदूरच्या नद्यांत सोडण्याचे काम मागल्या शतकात झाले. हेतू उत्तम होता. त्यांतली काही कावेरीत सोडली गेली. कावेरीत पाठीवर कुबड असलेला तिचा स्वतःचा महासीर होता. आपला खडस तिथे वाढला आणि कुबडाचा महासीर मागे हटत गेला. २०१८ साली शास्त्रज्ञांनी त्याची नीट ओळख पटवली आणि त्याच वर्षी त्याची गणना जगातल्या अतिसंकटग्रस्त प्राण्यांत झाली. मुठेचा भूमिपुत्र कावेरीला जाऊन परका झाला. म्हणून पाण्यात नवे मासे आणून सोडण्यापेक्षा, आहेत त्यांच्या डोक्यावरचे छप्पर राखणे हे अधिक सावधपणाचे काम आहे. झाड राखून कुणाचे वाईट झाल्याचे अजून ऐकिवात नाही.

दुसरे उत्तर देवाचे. महाडजवळ, रायगडाच्या परिसरात, काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. ही काळ नदी पुढे सावित्रीला मिळते. डोहाच्या काठी वरदायिनी देवीचे स्थान आहे, आणि त्या डोहातले मासे देवीचे म्हणून त्यांना कुणी धरत नाही. वैतरणेवर वाडा तालुक्यात तिळसे येथे महादेवाच्या देवळापाशी असेच मासे राखलेले आहेत. कर्नाटकात शृंगेरीला तुंगेच्या घाटावर यात्रेकरू माशांना खाऊ घालतात, ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. सरकारी पहारेकरी नाही, दंड नाही; केवळ श्रद्धेच्या एका रेषेने हे जीव पिढ्यान्‌पिढ्या वाचले. ज्याला विज्ञानाचा अभिमान आहे त्यानेही इथे टोपी काढावी.

पण देवाच्या उत्तरालाही एक काठ आहे, आणि तो शब्दशः काठ आहे. देवीचे मासे आपण धरत नाही. देवीच्या डोहाच्या वरच्या अंगाला मैलभर काय चालले आहे, हे मात्र देवीला विचारीत नाही. श्रद्धा डोह राखते. डोहात येणारे पाणी राखायला डोंगर राखावा लागतो, आणि तिथपर्यंत देवळाची घंटा ऐकू जात नाही. जुन्या लोकांना हे कळत नव्हते असे नाही. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी आपल्याकडच्या देवरायांचा अभ्यास केला. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची राई तोडली जाणार होती आणि गावकऱ्यांना ती वाचवायची होती. त्यांनी सांगितलेले कारण पाण्याचे होते: राई गेली तर तिच्यातून निघणारा झरा आटेल. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. राई देवाची हे तर खरेच. पण देवाच्या मागे पाणी उभे होते, आणि लोकांना दोघेही दिसत होते. आज आपल्यापैकी निम्म्यांना देव दिसत नाही आणि उरलेल्यांना पाणी दिसत नाही.

तिसरे उत्तर कायद्याचे. महाराष्ट्रात १९६४ पासून वृक्षतोडीच्या नियमनाचा कायदा आहे. परवाने आहेत, पंचनामे आहेत. कायदा हवाच. ज्याला देवाची भीती नाही आणि माशाची कणव नाही, त्याला निदान पंचनाम्याची भीती असावी. पण कायदा तात्यांना एवढेच सांगतो की 'तोडू नका'. मुलीची फी कुठून भरायची ते तो सांगत नाही. आणि गरिबाला 'करू नको' एवढेच सांगणारी नीती फार दिवस टिकत नाही. ती रात्रीच्या कुऱ्हाडीला जन्म देते.

मनूच्या माशाची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. सकाळी हात धुताना ओंजळीत एक चिमुकला मासा आला आणि म्हणाला, की मला सांभाळ, पुढे मी तुला सांभाळीन. मोठे मासे लहान माशांना खातात, त्यांची भीती त्याला होती. मनूने त्याला घागरीत ठेवले, मग खड्ड्यात, मग आणखी मोठ्या पाण्यात. आणि पुढे महापूर आला तेव्हा त्याच माशाने मनूची नाव ओढून नेली. दशावतारांतला पहिला अवतार तो हा. मला या गोष्टीत नेहमी एक शंका येते. माशाने आधीच बोली केली होती. ती केली नसती तर मनूने त्याला घागरीत ठेवले असते का? सांभाळण्याचा मोबदला ठाऊक असताना सांभाळणे हे शहाणपण झाले. मोबदला ठाऊक नसताना, किंवा तो मिळणारच नसताना सांभाळणे, हे त्याच्या पुढचे काहीतरी. आमच्या पऱ्यातला बोटाएवढा मासा कसलीही बोली करीत नाही. तो कुणाची नाव ओढणार नाही. त्याच्यापाशी द्यायला काही नाही, आणि म्हणूनच त्याच्यापुढे आपली खरी परीक्षा होते.

वर्गात एकदा मी विचारले होते, 'पऱ्यातला मासा कुणाचा?' एका मुलाने हात वर करून ताडकन सांगितले, 'पकडील त्याचा!' सगळा वर्ग हसला. पण जगाचा व्यवहार त्या मुलाने बरोबर सांगितला होता. पकडलेला मासा पकडणाऱ्याचा; न पकडलेला मासा कुणाचाच नाही. आणि जे कुणाचेच नाही त्याला राखण नसते. सावलीही तशीच. ती विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, तिची नोंद कुठल्याच दप्तरी नाही; म्हणून लाकडाचा भाव ठरतो तेव्हा सावलीचा भाव शून्य धरला जातो. व्यापाऱ्याने तात्यांना लाकडाचे पैसे दिले असते. सावली तो फुकट घेऊन गेला असता.

या सगळ्यातून माझे जे मत झाले ते असे. झाडाचे लाकूड माझे, फळ माझे, जळाऊ फांदी माझी. पण पाण्यावर पडणाऱ्या सावलीचा मी मालक नाही, राखणदार आहे. माझ्या पूर्वजांनी ती निर्माण केली नाही आणि माझ्या एकट्यासाठी ती पडत नाही. तिच्यावर माशाचा हक्क आहे, खालच्या गावाचा आहे, पुढच्या पिढीचा आहे. ही झाली अर्धी गोष्ट, आणि उपदेश करणारे पुष्कळसे इथेच थांबतात. उरलेली अर्धी अशी, की राखणदाराला मजुरी द्यावी लागते. सावलीचा लाभ साऱ्यांना आणि तिचा खर्च काठावरच्या एका गरीब माणसाला, हा न्याय नव्हे. दुसऱ्याच्या झाडाच्या सावलीवर आपण पुण्य कमावणे फार सोपे असते. मी शाळेतून पगार घेऊन तात्यांना जीवदया सांगतो, तेव्हा माझ्या जीवदयेचा खर्च तात्यांच्या मुलीने का भरावा?

ऑरेगनच्या लोकांनाही हे कळायला पुष्कळ काळ जावा लागला. १९७१ च्या कायद्यानंतर काठाची पट्टी किती रुंद असावी यावर तिथे वर्षानुवर्षे भांडणे चालली. एका बाजूला लाकूडवाले, दुसऱ्या बाजूला नदीचे आणि माशांचे कैवारी. अखेर दोन्ही पक्ष एकत्र बसले, आणि २०२२ साली त्या तडजोडीचा कायदा झाला. पट्ट्या रुंद झाल्या. आणि त्याबरोबरच लहान रानमालकाने काठाची जादा झाडे राखली तर त्याला करात सवलत द्यावी असेही ठरले. म्हणजे सावलीची किंमत शून्य नाही, हे कागदावर आले. आमच्याकडे त्याला कराचीच सवलत हवी असे नाही. ग्रामपंचायत आहे, देवस्थान आहे, पाणी पिणारी खालची गावे आहेत, मुंबईत नोकरीला असलेले आणि गणपतीला गावी येऊन पऱ्याच्या गार पाण्याचे कौतुक करणारे आमचे चाकरमानी आहेत. सर्वांनी मिळून काठावरच्या एका माणसाचा भार उचलणे अशक्य आहे काय? जबाबदारी वाटून घेता येते असे मी वर म्हटले, ते याच अर्थाने.

तात्यांनी पुढे काय केले ते सांगतो, कारण ते झाकून ठेवणे बरे नव्हे. आम्ही चौघा-पाच जणांनी मिळून फीचा थोडा भाग उसना दिला. उरलेल्यासाठी तात्यांनी पट्टीच्या वरच्या अंगाची झाडे विकली आणि पाण्यालगतच्या दोन ओळी ठेवल्या. मी त्यांना म्हटले, 'तात्या, माशांवर उपकार केलेत.' ते म्हणाले, 'माशांचं मला माहीत नाही, गुरुजी. ती झाडं गेली तर काठ ढासळेल आणि पट्टीच वाहून जाईल.' कुणाला वाटेल, की म्हणजे अखेर उपयोगाचाच विजय झाला. मला तसे वाटत नाही. माणूस एका कारणाने वागतो असे आपण नीतीच्या पुस्तकात धरून चालतो. खऱ्या जगात चार कारणे एका खाटेवर निजलेली असतात. स्वार्थाने राखलेली सावलीही माशाला तेवढीच गार लागते. आपण माणसांनी मात्र एवढ्यावर समाधान मानू नये. काठ ढासळण्याची भीती नसती, तरीही त्या दोन ओळी राहिल्या असत्या अशी माणसे आणि अशी गावे घडवणे, हे आपले काम उरतेच. ते काम शाळेत, देवळात, ग्रामसभेत, आणि घरातल्या जेवणाच्या पंक्तीत चालते.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपल्याकडे व्यापारी वहीची पूजा करतात. जुना हिशेब मिटवायचा, नवे पान उघडायचे. त्या वहीत आपल्याला कुणाकुणाचे देणे आहे ते लिहिलेले असते, आणि ज्यांचे देणे असते ते वसुलीला दारात येऊ शकतात. म्हणून ते आपल्या लक्षात राहतात. काही देणी अशी असतात की त्यांचा धनी कधीच दारात येणार नाही. त्याला पाय नाहीत, त्याला बोलता येत नाही, आणि पाण्याबाहेर तो घटकाभरही जगू शकत नाही. अशांचे देणे कुठे लिहायचे, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी ठरवावे. मला वाटते, ते पहिल्या पानावर, शुभ-लाभाच्या खाली लगेच लिहावे.